लाजाळूवाल्या बाई

हातात लाजाळूची कुंडी असल्याशिवाय बाई वर्गात पाय ठेवत नसत. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघालेले. आम्ही मास्तर नोट्सचे गठ्ठे घेऊन धावायचो, आणि या कुंडी मिरवायच्या! भूकंपात औशाकडचं घर पडलं म्हणून शहरात आल्या आणि पत्र्याच्या शेडमध्ये बॉटनीचा क्लास काढला, तोही नेमका माझ्या क्लाससमोर. विषयही माझाच. माझं डोकं फिरणार नाही तर काय!

मी फळ्यावर लिहायचो, 'प्रकाशानुवर्तन. व्याख्या. हमखास प्रश्न.' बाई शेडच्या एकुलत्या खिडकीत वालाची रोपं ठेवायच्या. ती उजेडाकडं झुकली की कुंडी फिरवायला लावायच्या आणि दोन दिवसांनी पोरांनाच विचारायच्या, "आता कुणीकडं बघतंय रे?" वर म्हणायच्या, "झाडाला पळता येत न्हाई. म्हणून ते वळतं, मिटतं, आधार दिसला की गुंडाळतं. न्हाई तर जगंल कसं?" माझी पोरं माझ्या तासाला त्यांच्या खिडकीकडं माना वळवून बसायची.

मग एक दिवस जेवताना माझी शुभांगी म्हणाली, "बाबा, बॉटनीला मी बाईंकडं जाऊ?" ती बारावीला होती. मी हातातला घास परत ताटात ठेवला. बायको हसली, "घर की मुर्गी दाल बराबर, दुसरं काय!"

गेली ती. पहिल्याच दिवशी लाजाळू बाकाबाकावरून फिरली आणि शुभांगीच्या शेवटच्या बाकावर आली, तेव्हा सगळ्यांची बोटं लागून पानं आधीच मिटलेली. मला कोण आनंद! "हेच का तुमच्या बाईंचं शिकवणं?" मी विचारलं. ती म्हणाली, "बाई म्हणाल्या, दमलं गं ते. उद्या मागच्या बाकापासून सुरू करू." आणि खरंच, दुसऱ्या दिवशी कुंडी आधी माझ्या लेकीसमोर ठेवली. तिनं बोट लावलं, पानं मिटली, आणि पोरगी माझ्या हातातून गेली ती गेलीच.

मार्क असे पडले की मेडिकलला सहज नंबर लागला असता. लातुरात एवढे मार्क पडून डॉक्टर न होणं म्हणजे भरल्या ताटावरून उठणं. ही म्हणाली, "मला बॉटनीच करायचीय." जन्मभर मी शिकवला तो विषय, आणि गोडी लावली परक्या बाईनं! मी तणतणत शेडमध्ये गेलो. "बाई, पोरीचं वाटोळं केलंत."

"सर, मी काय केलं? उजेड दिसला तिकडं वळलं लेकरू."

म्हणजे माझ्या घरात अंधार होता काय? मी महिनोन् महिने बोललो नाही त्यांच्याशी.

परवा बाई गेल्या. शुभांगी किनवटच्या जंगलात झाडांवर काम करते. निरोप मिळताच निघून आली. बाईंच्या पायांवर डोकं ठेवून अशी हंबरडा फोडून रडली की माणसं बाजूला झाली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिला जाणवलाही नाही. डोळे माझेही भरले होते, खोटं कशाला बोलू? पण मनात एकच चाललं होतं: मी गेल्यावर ही एवढी रडेल का?