आमच्या मुखवटेवाल्याला प्रोफेसर केला

नगर जिल्ह्यात मुखवटेवाल्याचा माझ्याइतका जुना आन् माझ्याइतका पक्का भक्त दुसरा न्हाई, हे मी कुनाच्याबी म्होरं ठासून सांगतो. फकस्त त्याचं एक बी पुस्तक मी आजपातूर वाचलेलं न्हाई, कारन मला वाचताच येत न्हाई. हे सुद्धा मी बोलतोय आन् लेक लिहून घेतीय.

मुखवटेवाला म्हंजी चित्रांच्या पुस्तकातला हिरो. तोंडाला तांब्याचा मुखवटा, अंगावर निळा झगा, पाल चालती तसा भिंतीवर चालनारा. आमी ल्हान हुतो तवा त्याची पातळ पातळ पुस्तकं रद्दीत यायची. माझ्या दोस्ताच्या वडलांचं नगरात रद्दीचं दुकान. दोस्त चौथीत हुता, मी कशातच नव्हतो. पयल्याच वर्षी मास्तरनं कान पिरगाळला आन् मी शाळेला जी पाठ दाखवली ती दाखवलीच. शाळेचं त्यात काय नुकसान झालं न्हाई.

रद्दीचे गठ्ठे बांधायचं काम दोस्ताचं हुतं. आमच्यात ठरल्यालं असं, की गठ्ठे मी बांधायचे आन् त्यानं काट्याशेजारी बसून मला मुखवटेवाला वाचून दाखवायचा. माझे हात सुतळीत, कान त्याच्याकडं. मधी मधी पुस्तक वर धरून चित्र दावायचा. सुतळीनं बोटं कापायची, तरी मी दोस्ताच्या वडलांना इचारायचो, चाचा, आजून रद्दी हाय का? चाचांना वाटायचं पोरगं लई कष्टाळू हाय. असा गैरसमज पुढं माझ्या कुठल्याच मालकाचा झाला न्हाई.

मुखवटेवाल्याचा एक दुश्मन हुता. त्यो भिंतीवर मंतर लिहायचा. ज्यानं वाचला त्यो त्याचा गुलाम. कलेक्टर वाचायचा, वकील वाचायचा, पोलीस वाचायचे, सगळे खाली मान घालून त्याच्या मागं चालाय लागायचे. मुखवटेवाल्याला कायबी व्हायचं न्हाई, कारन त्यो अडाणी. हमालाचा पोरगा. अक्षरं म्हंजी त्याला मुंग्यांची रांग. गावातली सगळी शिकलेली मानसं गुलाम आन् ह्यो एकटा मोकळा. मंग त्यो त्या दुश्मनाला असा हानायचा, असा हानायचा, की माझा गठ्ठा सैल पडायचा.

ह्या गोष्टीवर माझं आयुष्य गेलं. आता मी नागापूरला एका कंपनीत माल चढवतो. तिथं पगाराला अंगठा देताना बाकीचे अडाणी लाजत्यात, मी कधी लाजलो न्हाई. मुखवटेवालाबी अंगठेबहाद्दरच की. एकदा पुन्याची खोकी मी नाशिकच्या टेम्पोत चढवली. साहेब बोंबलला, म्हनला, येवढं मोठं नाव लिवलंय, दिसत न्हाई का? मी म्हनलो, साहेब, त्या जागी मंतर लिहिला असता तर तुमी गेला असता कामातनं, मी हाय तसा राहिलो असतो. साहेबानं त्या दिवसाचा पगार कापला. मंतर त्याला बी येत हुता.

तर आवंदा मुखवटेवाल्याचा पिक्चर आला. कॅन्टीनमधी मी दोन महिने दुसरं काय बोललो न्हाई. लेक राहुरीला विद्यापीठात कामाला हाय, तिनं मोबाईलवर तिकिटं काढली आन् ती बी आली. कंपनीतल्या चौघांना मी संगं घेतलं. त्यांना म्हनलो, बघाच आता अडाणी मानूस काय करू शकतो.

थेटरात माझ्या वयाची मानसं लई. टक्कल पडल्याली, पोट सुटल्याली, पोटावर तांब्याचा मुखवटा छापल्याला शर्ट तानलेला. एकानं तर जुनं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून आनलं हुतं, पोथी आनावी तसं. पडद्यावर मुखवटा चमकला आन् ही बापय मानसं उभी राहून रडाय लागली. मी बी रडलो. शिट्टी मारली, पन पुढचे दोन दात नसल्यामुळं नुसती हवा निघाली. सांगायची गोष्ट ही, की तवर मी सुखी हुतो.

मंग त्यानं मुखवटा काढला. आत चश्मा. त्यो थेट कॉलेजात शिरला, फळ्याम्होरं उभा राहिला आन् हातात खडू घेतला. पोरं म्हनली, गुड मॉर्निंग सर.

माझं टाळकं सरकलं. मला वाटलं सोंग असंल, दुश्मनाला फसवाय. पन न्हाई. ह्याला धा भाषा येत्यात. घरात भिंतभर पुस्तकं. दुश्मनानं मंतर लिहिला, सगळं शहर गुलाम झालं, तर ह्यानं काय करावं? ह्यानं एक जुनी पोथी काढली आन् तिच्यात वाचून मंतरावर उलटा मंतर शोधला. वाचून. समदं थेटर टाळ्या पिटत हुतं.

आरं, शिकलेले हिरो काय कमी हायेत का? सगळे पिक्चर त्यांचेच. डॉक्टर त्यांचा, इन्स्पेक्टर त्यांचा. आमच्यात एकच हुता, त्योबी उचलून न्हेला ह्यांनी, आन् आंघोळ घालून कॉलेजात बसवला. मी उभा राहिलो आन् वरडलो, "बंद करा. ह्यो त्यो न्हवंच. ह्याला शिकवला कुनी?"

मागनं पिशवीवाला म्हनला, "काका, खाली बसा. चित्राला चित्र तेच घेतलंय."

"तेच कसं? त्यो अडाणी हाय."

"कोन, तुमी?"

थेटर हसलं. अंधार हुता म्हनून बरं, न्हाईतर कोन कोन हसलं ते बघावं लागलं असतं.

मध्यांतरात त्यो पिशवीवाला पुस्तक घेऊन माझ्याकडं आला. मानूस वाईट नव्हता. त्यानं हळू पान उघडलं आन् बोट ठिवलं. "वाचा काका. पयल्याच चित्राखाली लिहिलंय, प्राध्यापक."

मी बघितलं. मुंग्यांची रांग.

"चश्मा इसरलो," मी म्हनलो.

कंपनीच्या चौघांना म्हाईत हाय, मला चश्माच न्हाई. चौघंबी आपापल्या मक्याच्या लाह्या बघाय लागले. मी म्हनलो, ही पुस्तकं बी ह्यांनी नवी छापून घेतल्यात, खोटी हायेत, आन् निघालो. लेक मागनं आली. तिला म्हनलो, "गाडी काढ. खरं काय ते आता माझा दोस्त सांगंल. त्याला घेऊन येतो आन् ह्या पिशवीवाल्याचं पुस्तक त्याच्याच डोक्यात घालतो."

दोस्त आता दुकानाचा मालक. दाढी पांढरी झालीय. काट्यावर वर्तमानपत्रं टाकीत हुता. मी दारातनंच सुरू झालो. पिक्चरवाल्यांच्या सात पिढ्या काढल्या. म्हनलो, "चल, चप्पल घाल. साक्ष द्यायचीय."

त्यानं वजन पुरं केलं, मंग माझ्याकडं बघितलं. "त्यो पयल्यापासनं प्रोफेसरच हाय."

"आन् हमालाचा पोरगा?"

"त्यो मी केला."

"कशापायी?"

"पयल्या दिवशी मी खरं वाचलं हुतं. प्रोफेसर म्हनल्यावर तू सुतळी टाकून उठला. म्हनला, मास्तरची गोष्ट मला नको. आन् अब्बा तर गठ्ठे मोजाय येनार हुते."

"म्हनून सगळ्या पुस्तकात?"

"सगळ्या. चश्म्यातली चित्रं तुला दावलीच न्हाईत. तुला काय, तू ऐकायचा. शेवटाला त्यो दर येळी पोथी वाचून जिकायचा. मला दर येळी दुसरी आयडिया काढाय लागायची. माझं डोकं पिकायचं."

मी त्याला म्हनाय नको ते म्हनलो. म्हनलो, तू दोस्त न्हाई, तूच त्यो भिंतीवर लिहिनारा. म्हनलो, ह्या गोष्टीवर मी भरल्या कंपनीत ताठ मानेनं अंगठा दिला, साहेबाच्या तोंडाला लागलो, पगार घालवला, आज चार मानसांम्होरं माझं हसं झालं.

त्यो म्हनला, "मी दहा वर्षाचा हुतो, येड्या. तू इतकी वर्षं धरून बसशील हे मला काय ठाऊक?"

मी आजून मोठ्यानं वरडलो. रस्त्यावरची मानसं थांबून बघाय लागली. म्हनलो, पिक्चरवाल्यांनी माझा मुखवटेवाला न्हेला, आन् उरला हुता त्यो तू न्हेला, आता मी कुनाकडं बघून जगायचं?

लेक हेल्मेट हातात घेऊन गाडीला टेकली हुती. तिनं माझं सगळं बोलून हुऊ दिलं.

"आप्पा, मी तिसरीत असताना पाटी घिऊन तुमच्यापुढं बसले हुते. म्हनले हुते, मी शिकवते. तवा तुमी म्हनला, मुखवटेवाल्याला येत न्हाई, मला कशाला पायजे. आता त्याला बी येतंय. आता काय सांगनार?"