हेस्टरचा अर्धा कप

हेस्टर ग्रिमशॉच्या मूत्राशयाची काळजी सगळ्या गावाला होती. इंग्लंडातल्या लँकेशायरच्या त्या उतारावर कापडगिरण्या धडधडत होत्या तेव्हाही लोकांना दुसऱ्याच्या दुखण्यासाठी सवड असे. आता तर गिरण्याही बंद.

दर गुरुवारी दुपारी चॅपलमागच्या खोलीत सात-आठ बायका शुभेच्छापत्रं करायला जमत. ठशाला चिकट शाई लावायची, तो कागदावर दाबायचा, वर सोनेरी पावडर भुरभुरवायची, उरलेली झटकायची आणि हीट गनची गरम हवा द्यायची. पावडर वितळते, नक्षी चकाकत उठून येते. सांगायला सोपं. पण पावडर मोठी आगाऊ. बोटाचा तेलकट डाग दिसला, बसली. नायलॉनच्या स्वेटरला कागद घासला, बसली. आणि एकदा गरम हवा लागली की नको तिथला कणही जन्माचा बिऱ्हाडकरू.

आयव्ही ब्रॉडबेंटच्या कार्डांना तर बायका ‘गोवर’च म्हणत. आयव्हीही हसायची. हेस्टरचं कार्ड मात्र आरशासारखं लख्ख. फक्त काम सुरू करण्याआधी ती पिशवी उचलून टॉयलेटला जायची. दर वेळी, न चुकता.

“बिचारी!” मिसेस टॉफम कुजबुजायच्या. त्या मंडळाच्या प्रमुख, म्हणजे किटलीच्या मालकीणबाई. मग हेस्टरसाठी दाराजवळची खुर्ची ठरली, आणि चहा अर्धाच कप.

आता आतली गोष्ट. पिशवीत कोरे कागद असत आणि कॉर्नफ्लोअर भरून गाठ मारलेला एक जुना मोजा. कडी लावून हेस्टर तो मोजा कागदावरून हलकेच फिरवायची. कागद कोरडा ठणठणीत होतो, आगाऊ कणांना बूड टेकायला जागा उरत नाही. ब्लॅकपूलच्या बहिणीनं शिकवलेली युक्ती. पहिल्या गुरुवारी ती घरूनच कागद पुसून आली होती. मिसेस टॉफमनी कार्ड उंच धरलं, “काय हात आहे बाईचा!” चाळीस वर्षं मागावर उभी राहिली, पण तिच्या हाताबद्दल असं कुणी बोललं नव्हतं. पुढच्या गुरुवारी सांगू, ती मनाशी म्हणाली. त्यात कागद तिथेच वाटायला लागले, म्हणून मग टॉयलेटची वारी. त्या पुढच्या गुरुवाराला नऊ वर्षं झाली.

मग आयव्ही आणि सिरिलच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. निमंत्रणं आपल्याच हातची, असा आयव्हीचा हट्ट. आठवड्याभरात ती हेस्टरच्या दारात उभी. डब्यात चाळीस कोरी कार्डं आणि घंटेचा ठसा.

“तेरा केली गं, तेराही गोवर. माझ्या हातातच खोट आहे. तूच कर. आणि हे सामान नंतर ठेवून घे, मी आता नाही करणार.”

हेस्टरनं डबा घेतला, करायला बसली. पहिल्या घंटेवर गरम हवा इतका वेळ धरली की सोनं सपाट होऊन तुपासारखं कागदात मुरलं. दुसरीचंही तेच. डोक्यात एकच घुमत होतं, आयव्हीच्या हाताला म्हणे खोट! तिनं कोट चढवला, डबा आणि मोजा घेतला आणि चढण चढून आयव्हीकडे गेली.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिनं मोजा कागदावरून फिरवला. “आता तू कर.”

आयव्हीनं ठसा दाबला, पावडर टाकली, झटकली, हीट गन लावली. घंटा लख्ख उठली. आजूबाजूला एक कण नाही.

आयव्हीनं मोजा बोटांनी चाचपला. “कधीपासून?”

“पहिल्यापासून.”

“म्हणजे... तुला तो त्रास नव्हता?”

“नव्हता.”

“अगं, मी दर रविवारी तुझ्यासाठी प्रार्थना केली. नऊ वर्षं! मूत्राशय हा शब्द देवापुढे काढायला मला किती लाज वाटायची, ठाऊक आहे?”

आयव्हीनं मोजा ठेवून घेतला आणि दार उघडून धरलं.

गुरुवारी निमंत्रणं हातोहात फिरली. “आयव्ही, ही तू केलीस?”

“हेस्टरला विचारा,” आयव्ही म्हणाली, आणि मोजा पिशवीतून काढून हेस्टरपुढे ठेवला. बस्स, एवढंच. ‘मी मैत्रिणीला शिकवलं’ एवढं म्हटलं असतं तर हेस्टरला टाळ्या मिळाल्या असत्या. ते शब्द तिच्या जिभेच्या टोकावर आलेही होते.

हेस्टर उठली. दाराजवळची खुर्ची ओढत टेबलाशी आणली, त्या खरखरीनं सगळ्यांच्या माना वळल्या.

“नऊ वर्षं आत जाऊन मी हेच करत होते,” ती म्हणाली, “आणि आयव्हीचा गोवर बघून तुमच्याबरोबर हसत होते.”

मिसेस टॉफमच्या हातातली किटली तशीच राहिली. आयव्हीनं ती काढून घेतली, हेस्टरचा कप ओढला आणि चहा ओतत गेली, अर्ध्याच्या वर, काठापर्यंत, बशीत सांडेपर्यंत.

“पी,” ती म्हणाली. “तुला कुठे काय झालंय?”

हेस्टरनं तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. टॉयलेटला उठायची मात्र तिची छाती झाली नाही, घरी जाईपर्यंत.