ब्रेकमधली हवा

गाडीच्या ब्रेकमध्ये हवा शिरली की ती काढायला माणसं दोन लागतात. एकानं केबिनमध्ये बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकामागं आडवं होऊन बारकं निपल सैल करायचं, म्हणजे तेलाबरोबर हवा फुसफुसत बाहेर येते. निपल पुन्हा आवळेपर्यंत वरच्यानं पाय हलवायचा नाही. हलवला की हवा परत आत, आणि सगळं मुसळ केरात.

आमच्याकडं ते वरचं काम बायकोचं. पिकअप घेतली तेव्हा पोरगा शाळेत होता. तेव्हापासून गाडीला मिस्त्रीचा हात मी लागू दिलेला नाही. ऑईल, पाटे, क्लच प्लेट, सगळं घरच्या शेडात. मला मिस्त्री लोकांचा भरवसा नाही आणि त्यांना माझं तोंड सोसत नाही, तेव्हा दोन्हीकडून बरंच आहे. बायको पदर खोचून सीटच्या कडेला बसायची. मी खालून ओरडायचो, "दाब! धर!" आणि ती वरून, "धरलंय की! किती वरडताय, मी काय बहिरी हाय?" शेजाऱ्यांना वाटायचं, ह्यांचं जुंपलं. खरं तर त्या वेळेला आमचं फार चांगलं चाललेलं असायचं.

ती आता वाघोलीला पोराकडं असते. नातू झाला, सून पुन्हा कामावर जायला लागली, मग त्याला सांभाळायला ही गेली. जाताना म्हणाली, "ह्यो शाळंत जाया लागला की मी मोकळी. तवा न्यायला या." मी म्हटलं, बरं. बरं म्हणायला काय जातंय! मांडवगणात मागं राहिलो मी, दोन म्हशी आणि बांधाला लागलेला ऊस. सकाळी चहा टाकतो तो अजून एका माणसाच्या मापात बसत नाही. उरलेला मोरीत ओततो आणि स्वतःवरच चिडतो. पारावरची माणसं म्हणतात, "मजा हाय बुवा तुमची, घरात कुणी बोलणारं न्हाई." कपाळ माझं! घरात कुणी बोलणारं नाही हेच तर दुखणं आहे. संध्याकाळी म्हशींशी बोलतो. त्या रवंथ करत ऐकतात, पण उलट उत्तर म्हणून देत नाहीत.

कुणी म्हणेल, पोराच्या कारनं का येत नाही ती अधूनमधून? तिला गाडी लागते. काचा बंद करून एसी लावला की हिचा चेहरा पांढराफटक. एसटीत तर लिंबू हुंगत बसली तरी केसनंदच्या पुढं पोटात काही टिकत नाही. एका आमच्या पिकअपमध्येच तिला काही होत नाही. काच खाली, कोपर बाहेर, आणि कुणाचा कांदा कसा आलाय ते मोठ्यानं सांगत येते. म्हणून तिला घरी आणायची तर पिकअपनंच, हे ठरलेलं होतं.

आणि नातवाची शाळा सुरू झाल्याचा फोन आला त्याच आठवड्यात पिकअपनं दगा दिला. वैरण घेऊन भीमेच्या पुलाकडं उतरत होतो, तर पेडल लोण्यात पाय घालावा तसं खाली गेलं. हँडब्रेक ओढला म्हणून वाचलो. घरी रांगत आणली, मागचं चाक काढलं, तर आतून सगळं तेलानं माखलेलं. सिलेंडरमधलं रबर फाटलं होतं. मोटारसायकल काढून भांडगावला हायवेच्या कडेच्या दुकानातून नवं रबर आणलं, बसवलं. इथवर एकट्याचं काम. आता हवा काढायची, आणि तिथं घोडं अडलं.

शेजारच्या आबांना बोलावलं. आबा आले, बसले, पेडल दाबलं. मी निपल सैल केलं, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सोसायटीच्या इलेक्शनचं बोलणं. बोलता बोलता आबांनी पाय उचलला.

"आबा, पाय!"

"आं?"

"पाय सोडला न्हवं तुम्ही?"

"पिंढरीला जरा खाजलं म्हून..."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पण वयानं मोठं माणूस, बोलणार काय? चहा पाजला आणि वाटेला लावलं. दुसऱ्या कुणाला मी हाक मारली नाही. मारली असती तर गावात पाय काय कमी होते? पण खरं सांगतो, त्या सीटवर दुसरं कुणी बसलेलं मला बघवेना.

मग टिकावाचा दांडा घेतला, एक टोक पेडलला, दुसरं सीटला अडकवलं. खाली जाऊन निपल सोडलं. पेडल खाली गेलं तसा दांडा निसटून धाडकन पडला आणि हवा परत आत. उसाचं टिपरं लावून बघितलं, तेही तसंच. चौथ्यांदा की पाचव्यांदा पडलं तेव्हा हातातला पाना मी उसात भिरकावला. मग उरलेली दुपार उसात वाकून पाना शोधत बसलो. पानं अंगाला कापत होती आणि मी पान्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो. फेकणारा मी आणि शोधणाराही मीच.

तिसऱ्या दिवशी डोक्यात उजेड पडला. दाबायचं कशाला? तेलाला स्वतःचं वजन असतंच की. बोनेट उघडून तेलाची डबी काठोकाठ भरली, निपलला बारकी पारदर्शक नळी लावली, तिचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलं आणि निपल सैल करून नुसता बसून राहिलो. डॉक्टर म्हशीला सलाईन लावतो, तसं थेंब थेंब. नळीतून बुडबुडा यायचा, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक. वरची डबी रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर वरूनच हवा शिरते, म्हणून उठायचं, ओतायचं, परत येऊन बसायचं. एका चाकाचं झालं की दुसरं.

अशा एका चाकाशी बसलेलो असताना मी सवयीनं ओरडलो, "धर!" आणि केबिनकडं बघितलं. वर कुणी नव्हतं हे मला माहीत होतं. तरी बघितलं. मग मला रडू आलं. साठी उलटलेला माणूस, हात तेलानं बरबटलेले, डोळे पुसायचे तरी कशानं? दंडानं पुसले. म्हशींशिवाय बघायला कुणी नव्हतं म्हणून बरं.

संध्याकाळी पेडल दाबलं तर दगडासारखं कडक. जीव भांड्यात पडला. शेतातल्या रस्त्यावर गाडी पळवून मुद्दाम करकचून ब्रेक मारले. गाडी जागच्या जागी. लगेच बायकोला फोन लावला, "ब्रेक गेलावता, केला नीट. रविवारी येतो न्यायला." ती "या" एवढंच म्हणाली. आवाज बसलेला वाटला. मी खुशीत होतो, म्हटलं सर्दी झाली असेल. शनिवारी तिची सीट साबणानं धुतली.

वाघोलीला सोसायटीच्या वॉचमननं गेटातच अडवलं. "टेम्पो अंदर नहीं जाएगा." मी म्हटलं, "टेम्पो न्हाई, पिकअप हाय!" त्याला काय फरक पडतोय? बाहेर लावून वर गेलो. दारातच पोरानं हातावर पेढा ठेवला. "आप्पा, तुम्ही परत आजोबा होणार." सून आत पडून होती. डॉक्टरनं उठू नको म्हणून सांगितलेलं. ती आतूनच म्हणाली, "मामा, सॉरी हां." मी म्हटलं, "अगं, सॉरी काय त्यात? चांगली गोष्ट हाय." चांगलीच गोष्ट होती. चिडायचं म्हटलं तर चिडणार कुणावर? बायको ओट्यापाशी पाठ करून पोळ्या लाटत होती. तिची बॅग कपाटावरच होती.

जेवणं झाली, नातू झोपला, तशी ती मला सोडायला खाली आली आणि आपणहून गाडीत चढून बसली. "चला, एक चक्कर मारा. बघू तरी तुमचं ब्रेक." मी गल्लीच्या टोकापर्यंत नेली, वळवली, गेटाशी आणून ब्रेक मारला.

"हवा काढताना वर कोण बसलं हुतं?"

"कुणी न्हाई. एकट्यानं काढली." आणि मी छाती फुगवून सगळं सांगितलं, नळी, बाटली, थेंब थेंब. एवढं सलग मी किती महिन्यांत कुणाशी बोललो नव्हतो. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी आता जमतंय तुमचं एकट्याचं," ती म्हणाली. तिला बरं वाटलेलं दिसत होतं. इतके दिवस जिवाला लागलेला घोर जरा हलका झाल्यासारखं.

मला 'व्हय' म्हणता आलं असतं. म्हणायलाच पाहिजे होतं. "न्हाई जमत," मी म्हटलं. "ब्रेक जमला. बाकी कायबी जमत न्हाई."

समोरच्या बिल्डिंगकडं बघत ती म्हणाली, "मला तरी कुठं जमतंय? पन सांगू कुणाला?" तेवढ्यात तिच्या हातातला फोन वाजला. नातू उठून रडायला लागला होता. ती उतरली, दार लावलं, "हळू जावा" म्हणाली आणि गेटातून आत गेली.

परतताना राहू गावाच्या अलीकडं मेंढरं आडवी आली. मी पाय ठेवला, गाडी एका दाबात थांबली. मेंढक्यानं हात वर केला. "लई भारी ब्रेक हाय, मालक!" मला त्या ब्रेकचा असा राग आला म्हणून सांगू! मेंढरं निघून गेली, मी गिअर टाकला. रिकामी गाडी घरी न्यायला एवढा चांगला ब्रेक लागतो कशाला?