सोसायटीच्या हॉलमधलं लायसन्स

गाडी शिकवणाऱ्याच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो. त्या ब्रेकवर पाय ठेवून वर्षानुवर्षं बसलं की किस्से आपोआप साठत जातात. मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत, उलट घरी जेवताना कोणीतरी "पुरे आता!" म्हणेपर्यंत ते बाहेर येतच राहतात.

मी कोथरूडला ड्रायव्हिंग क्लास चालवायचे. आयटीवाल्यांमुळे घराघरात गाड्या येऊ लागल्या होत्या, आणि लायसन्सचं काम नुकतंच कॉम्प्युटरवर आलं होतं. आधी लायसन्स म्हणजे एजंट, रांग, आणि "उद्या या". मग आरटीओत बनकर नावाचे एक साहेब आले. लोकांनी ऑफिसात खेटे घालण्यापेक्षा आपणच लोकांकडे जावं, असं त्यांच्या मनात आलं आणि आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये शिबिर भरू लागलं. कॅमेरा, कॉम्प्युटर, सह्या, सगळं तिथेच. गाडीची परीक्षा शेजारच्या मैदानात.

*

पहिल्याच शिबिराला आमच्या वरच्या मजल्यावरचे काका आले. निवृत्त शिक्षक. लायसन्सचं नूतनीकरण करायचं होतं.

कॅमेऱ्यावर बसलेली मुलगी गोड होती. म्हणाली, "काका, जरा हसा ना."

काकांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "कशाबद्दल?"

बिचारीने बटण दाबलं. फोटो तसाच निघाला. काका आजही पोलिसाला लायसन्स दाखवतात, तेव्हा पोलीसच आधी सॉरी म्हणतो!

*

शिकाऊ लायसन्सची परीक्षा कॉम्प्युटरवर आली, तेव्हा एक सॉफ्टवेअर इंजिनिअर अगदी निवांत होता. "मॅडम, कॉम्प्युटर तर आपलंच काम आहे." आईलाही घेऊन आला होता, तिलाही स्कूटी शिकायची होती.

आई पास झाली. हा नापास!

प्रश्न होता, झेब्रा क्रॉसिंगवरून म्हातारे गृहस्थ चालले आहेत, तुम्ही काय कराल? याने 'हॉर्न वाजवेन' निवडलं होतं.

"पण सर, प्रॅक्टिकली सगळे हॉर्नच देतात!"

बनकर साहेब शांतपणे म्हणाले, "प्रॅक्टिकल महिन्याभराने आहे. ही थिअरी होती."

*

यवतमाळकडचा एक मुलगा माझ्याकडे बाइक शिकायला होता. कंपनीत नवीन लागलेला, गरीब स्वभावाचा. पत्त्याच्या पुराव्यासाठी घरमालकिणीचं पत्र हवं होतं.

"काकू नाही म्हणून राहिल्या, मॅडम," तो रडवेला होऊन सांगायचा. काकूंचं म्हणणं असं, की 'राहतो' असं लिहून दिलं, तर हा कायमचा राहील!

योगायोगाने त्याच काकू स्वतःच्या लायसन्ससाठी शिबिरात आल्या. मी साहेबांच्या कानावर घातलं. साहेबांनी सहज विषय काढला, "तुमच्याकडे कोणी भाडेकरू आहे का हो?"

"आहे ना! नुसता वैताग! रात्री उशिरापर्यंत दिवा चालू ठेवतो."

"अरेरे. मग लेखी तक्रार करा की."

काकूंनी मोठ्या उत्साहाने लिहिलं. मुलाचं नाव, आपला पूर्ण पत्ता, तो तिथे कधीपासून राहतो आणि दिव्याचं काय करतो. खाली ठसठशीत सही. साहेबांनी वाचलं, मान हलवली आणि तो कागद मुलाच्या अर्जाला टाचणीने लावला.

"चला, पत्त्याचा पुरावा झाला!"

*

मांजरी गावाहून एक मावशी यायच्या. स्कूटरवर दुधाचे कॅन लावून घरोघर रतीब घालायच्या. रस्त्याने झकास चालवायच्या, पण मैदानात आठचा आकडा काढायला लावला की पाय टेकलाच. दोनदा नापास झाल्या.

"साहेब, गाडी हलकी हाय, नुसती पळतीया. कॅन लावून द्या, मग बघा."

साहेबांनी क्षणभर विचार केला. गाडी मावशींची, रोजचं ओझं त्यांचं, मग परीक्षा रिकाम्या गाडीवर कशाला? दोन्ही कॅन भरून आले. मावशींनी असा देखणा आठ काढला, की मैदानातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

साहेबांनी सही करता करता विचारलं, "काय मावशी, दूध आहे का पाणी?"

"नुसतं पाणीच हाय साहेब. तुमी काय माझं गिऱ्हाईक न्हाई, खोटं कशाला बोलू?"

*

आणि वैशाली. ती माझी फार लाडकी. तिला एका आयटी कंपनीत नोकरी लागली होती. लग्नानंतरची पहिलीच. पण फोटोचं ओळखपत्र दाखवल्याशिवाय रुजू करून घेणार नव्हते, आणि तिच्या नावाचं घरात काही म्हणजे काहीच नव्हतं. लाइटचं बिल सासऱ्यांच्या नावावर, ते जाऊनही. फोन नवऱ्याचा. म्हणून ती लायसन्स काढत होती. गाडीची परीक्षा उत्तम दिली तिने.

अडलं ते कॉम्प्युटरपाशी. जन्मतारखेसाठी शाळेचा दाखला लागायचा आणि त्यावर नाव होतं हिरा. रेशनकार्डावर वैशाली. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले, आणि हिरा तिथेच संपली. कागदावर कोणी काही केलंच नाही.

सोमवारी रुजू व्हायचं होतं. वैशाली हॉलमध्ये तोंडावर पदर घेऊन रडली. मला फार वाईट वाटलं.

साहेब म्हणाले, "दोन्ही एकच बाई, असं घरातल्या मोठ्या माणसाने समोर येऊन लिहून द्यावं. बाकी मी बघतो."

घरातलं मोठं माणूस म्हणजे सासूबाई. आणि त्यांना ही नोकरीच पसंत नव्हती. "घरात काय कमी आहे?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तरी नवरा त्यांना घेऊन आला. नऊवारी, हातात पिशवी, चेहरा घट्ट.

साहेबांनी विचारलं, "आजी, हिरा आणि वैशाली एकच ना?"

आजींनी सुनेकडे बघितलं.

"एकच. नाव मीच बदलायला लावलं. हिला कोणी विचारलंच नव्हतं."

आणि सही केली. वैशाली पुन्हा रडायला लागली.

"मग कार्डावर कुठलं नाव घालू?" साहेबांनी विचारलं. नवऱ्याने तोंड उघडलं, तेवढ्यात आजी म्हणाल्या, "तू गप्प बस. तिला बोलू दे."

"हिरा," ती म्हणाली.

फोटो निघाला. आजी मात्र खुर्चीतून उठेनात.

"साहेब, आपण माझंही एक कार्ड काढाल का? गोदावरी नावाने. माहेरचं आहे."

"आई, तुझं नाव गोदावरी होतं?" मुलगा थक्क!

आजींनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही.

साहेब अडखळले. "आजी, हे गाडी चालवायचं लायसन्स आहे. तुम्हाला गाडी येते का?"

आजी माझ्याकडे वळल्या.

"अहो बाई, सकाळी किती वाजता सुरू होतो तुमचा क्लास?"