गंजाबाहेरची शेपटी

रामपायलीजवळच्या एका शाळेत मंजू पोरांसाठी दुपारचं जेवण रांधते. त्या दिवशी वरणाच्या गंजावर झाकण ठेवून ती भाताकडे वळली आणि पाठीमागे काहीतरी वळवळलं. ओट्यावर पालीची तुटलेली शेपटी नाचत होती.

"झाकणात चेंगरली," सोबतची रूपाली म्हणाली. "शेपटी त बाहेर हाय. पाल कुठी गेली?"

पाल जीव वाचवायला शेपटी टाकते. शत्रू वळवळत्या तुकड्याकडे पाहत राहतो, तोवर ती निसटते. घरच्या मांजरीमुळे मंजूने हे पाहिलं होतं. पण ही निसटून गेली कुठे? भिंतीवर, की वरणात? तिने डावाने तळापर्यंत ढवळलं. घट्ट वरणात मिरच्याच तेवढ्या फिरत राहिल्या.

बाहेर ताटं वाजू लागली. पहिल्या रांगेत मंजूची लेक खुशी बसली होती.

घनश्याम सर दारात आले. "मंजूबाई, बच्चे कधीचे बसलेत."

"वरणात पाल पडली असन, सर."

"दिसली?"

"नाही."

"मग काहून वेळ लावता? वाढा."

रूपालीने भरलेला डाव तिच्या हातात दिला. "सर म्हणतेत त वाढ ना. पह्यले तुह्या खुशीले वाढ."

मंजू रांगेपर्यंत गेली. खुशीने ताट पुढे केलं. "माय, दे ना लवकर."

डाव ताटावर आला आणि तिथेच अडला. मंजूच्या हातून तो काही केल्या कलंडेना. ती माघारी फिरली, गंज उचलला आणि सगळं वरण मागच्या खड्ड्यात ओतलं.

"वरून विचारलं त काय सांगू?" सर चिडले.

"माह्यं नाव सांगा."

पोरांनी कुरकुरत तेल-मिठाचा भात खाल्ला.

भांडी घासून झाल्यावर रूपालीने गॅसची टाकी सरकवली. मागे भिंतीला चिकटून तुटक्या शेपटीची पाल बसली होती, कोरडी ठणठणीत.

"पाह्य, जित्ती हाय. फुकट वरण फेकलं बाई तुनं," म्हणत रूपालीने झाडू उचलला.

"राहू दे तिले," मंजू म्हणाली आणि खाली बसली.

त्या पालीला आता नवी शेपटी फुटली आहे. पहिलीपेक्षा आखूड, गुळगुळीत, फिकट. दिवा लागला की ती किडे टिपायला येते. दिवसा खिडकीच्या फटीत असते. झाकण ठेवण्याआधी मंजू तिला शोधते. एखाद्या दिवशी ती दिसत नाही. त्या दिवशी पोरांना जेवायला उशीर होतो.