कार्डावरचं गूळपाणी

आर्णीच्या रस्त्याला माझं कोंबड्यांचं शेड आहे. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. शेड आणि राबणं माझं. त्यामुळे पशुवैद्यकाचं शिकणारी एक मुलगी लॅपटॉप घेऊन दारात उभी राहिली तेव्हा मी तिला चहा दिला, माहिती मात्र दिली नाही. ही कंपनीची हेर निघाली तर पुढची पिल्लं बंद.

तिला शेडमध्ये टांगलेलं कार्ड हवं होतं. रोज किती मेली, पाण्यात काय मिसळलं, ते आम्ही त्यावर लिहितो. त्यावरून ती संगणकात माझ्या शेडसारखंच एक शेड उभारणार होती.

"कोणतं औषध दिल्यावर कोणते जंतू निर्ढावतात, ते त्यात दिसतं, काका. खऱ्या कोंबड्यांना हात न लावता."

"मंग खऱ्या शेडात कायले आली?"

ती नुसती हसली. माझा संशय दुप्पट झाला.

तरी कार्ड दिलं, कारण ते अगदी सोवळं होतं. कंपनीचा सुपरवायझर अँटिबायोटिकची पुडी देताना दरवेळी बजावायचा, "हे लिहू नका." रकाना रिकामा दिसू नये म्हणून मी तिथे 'गूळपाणी' लिहायचो. पिल्लांना ते पहिल्या दिवशी देतात. माझ्या कोंबड्या विक्रीला जाईपर्यंत गोडच पीत होत्या.

जाताना तिने शेडमधली पिशवीभर विष्ठा नेली. पंधरा दिवसांनी परत आली.

"माझ्या संगणकात तुमचे जंतू साधे राहतात. नमुन्यात मात्र औषधाला दाद देत नाहीत. गुळाने एवढं होतं का, काका?"

आतून बायको म्हणाली, "सांगा आता. कोंबड्याइले महिनाभर गूळ, अन् घरात चहाले खडा नाई."

"तू कंपनीची?" मी विचारलं.

"नाही."

"सरकारची?"

"नाही. आणि तुमचं नाव कुठेच येणार नाही."

विश्वास बसला नाही, पण बायको दारात उभी होती. मी पुड्यांचे खरे दिवस सांगितले. तिने ते संगणकात भरले. पडद्यावर निर्ढावलेल्या जंतूंचे लाल ठिपके वाढत गेले, आणि औषध थांबल्यावरही पुढच्या पिल्लांत तसेच उरले.

नवी पिल्लं उतरली तशी सुपरवायझरने पुडी काढली.

"एकबी आजारी नाई. काहून द्यायची?" मी म्हणालो आणि कार्डावर लिहिलं, 'औषध नाही'.

"कोणी आलतं का इथं?"

"पाव्हणे येतातच."

त्याने कार्डाचा फोटो काढून कुणाला तरी पाठवला. तेव्हापासून फोन वाजला की मी आधी नंबर पाहतो.