बिलाखालची तीन अक्षरं

परवा सासूबाईंचं वर्षश्राद्ध झालं. त्यांच्याविषयी लिहायला बसलं की मला आधी एक बिल आठवतं.

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं ती. नवरा गेल्यावर मी चेन्नईत एग्मोरला मोटारींच्या सुट्या भागांच्या एका कचेरीत बिलं करायची नोकरी धरली. सांगलीहून भाऊ दर रविवारी फोन करी, "ताई, निघून ये आता." मी "बघते" म्हणे. संध्याकाळी तांबरमच्या घरात शिरले की सासूबाई माझ्यामागे दाराबाहेरच्या लोखंडी ग्रिलला कुलूप लावत आणि किल्ली कमरेला खोचत. ग्रिलपलीकडे शेजारच्या घराची भिंत होती. जाते असं मला म्हणवत नव्हतं, आणि जा किंवा राहा यांतलं काहीच त्या म्हणत नव्हत्या. त्यांच्या मुलाविषयी तर आम्ही बोलतच नव्हतो. तंजावरची त्यांची जुनी मराठी आणि माझी पुस्तकी मराठी यांची गाठ फक्त जेवणाखाणापुरती पडे.

कचेरीत संगणकावर बिलं नुकतीच सुरू झाली होती आणि छपाई सारखी बिघडे. बिघडलेले कागद मी घरी आणी. ते पसरून सासूबाई त्यावर शेवग्याचा पाला निवडत. एकदा कागदाच्या तळाशी बोट ठेवून त्या म्हणाल्या, "हा ई. ओ. ई. कोण गे? तुमचा मालक?"

सहीच्या जागेशेजारी 'ई. अँड ओ. ई.' असं छापलेलं होतं. चेन्नईत नावाआधी बापाचं, गावाचं अक्षर लावतात. लग्नानंतर माझ्या नावापुढे नवऱ्याचं अक्षर आलं होतं. तो गेला आणि अक्षर तिथंच राहिलं.

"माणूस नाही तो, आत्याबाई."

"मग नुसती इनिशियलं? नांव घरीं विसरला काय?"

कितीतरी महिन्यांनी मी हसले. मग त्यांना अर्थ सांगितला. एरर्स अँड ओमिशन्स एक्सेप्टेड. चुका आणि राहून गेलेल्या गोष्टी वगळून. हातानं हिशेब लिहिणाऱ्या कुणा इंग्रज कारकुनानं स्वतःला सांभाळायला ती ओळ घातली असावी, म्हणजे उद्या बेरीज चुकलेली निघाली तर हे बिल शेवटचं धरायला नको. माझे वडील सांगलीच्या दुकानात त्याच जागी 'चू. भू. दे. घे.' लिहीत. चूकभूल देणे घेणे. जास्त घेतलं असेल तर परत देऊ, कमी घेतलं असेल तर मागून घेऊ. इंग्रजी ओळीत बिल करणारा आपलं अंग काढून घेतो. मराठीत दोघंही अडकून राहतात.

"चूक कळली. भूल कोणती?"

"लिहायचं राहून गेलं ती."

त्यांनी आणखी एक काडी ओरबाडली. "आणि मुद्दाम राहूं दिलं असलं तर?"

मी पाल्याची एक काडी उचलली.

"त्याच्या हृदयांत लहानपणापासून दोष होता. तुमच्या घरीं सांगितलं नाही. डॉक्टर म्हटला, कांही होणार नाही. पोरगी हातची जाईल म्हणून भ्यालें." त्यांची मान खालीच होती. "तुझ्या भावाचा फोन वाजला की वाटे, आज त्याला ठाऊक जालं. आज तुला घेऊन जाईल."

मला ते ठाऊक होतं. साखरपुड्यानंतर टी. नगरच्या बाजारात सासूबाई दुकानात साड्या बघत होत्या, आम्ही दोघं बाहेर पायरीवर उभे होतो, तेव्हा त्यानंच सांगितलं. "नको असेन तर आत्ताच बोल, अम्मानं साडीचे पैसे भरायच्या आत." आणि मग म्हणाला, "तुला सांगितलंय हे तिला कळू देऊ नकोस. लाज वाटेल तिला." ते मी सांभाळून ठेवलं होतं.

"त्यानंच सांगितलं होतं मला," मी म्हटलं. "लग्नाआधी."

त्यांनी वर पाहिलं. "तरी आलीस?"

"आले."

मग कमरेची किल्ली काढून त्यांनी बिलावर ठेवली. "मग जा तू. मी धरणार नाही."

इतके महिने मी याच शब्दांची वाट पाहत होते. रागावून निघता आलं असतं, त्यांनी हाकललं असतं तरी निघता आलं असतं. पण ज्याच्याजवळ नवऱ्याविषयी बोलावं असं माझ्यापाशी एवढं एकच माणूस होतं, हे मला तेव्हाच कळलं.

"लहानपणी छातीत दुखलं की काय करायचा तो?" मी विचारलं.

"सांगायचा नाही. भिंतीला पाठ लावून बसायचा," त्या म्हणाल्या आणि सांगतच राहिल्या. पाला तसाच पडून कोमेजला.

रविवारी भावाचा फोन आला. मी "बघते" म्हटलं नाही. "इथंच आहे," म्हटलं. तो चिडला.

ग्रिलला कुलूप त्यानंतरही रोज लागत राहिलं. किल्ली मात्र सासूबाई दाराजवळच्या खिळ्याला अडकवत, माझा हात सहज पोचेल अशी. ती तिथं आहे हे दिसत असल्यामुळे मला आणखीच निघवेना.